पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला ट्यूब, प्रोसील की आयजेल?

गंगावेस_भूल
नमस्कार मंडळी. कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांत भूल देणाऱ्यांनी, तसंच दुर्बिणीच्या सर्जन मंडळींनी इथं मोकळेपणानं लिहावं म्हणून धागा काढतोय. पित्ताशय काढायच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला श्वासमार्ग कशानं सांभाळायचा: श्वासनलिकेत जाणाऱ्या ट्यूबनं, की स्वरयंत्राच्या वर बसणाऱ्या सुप्राग्लॉटिक साधनानं?

माझं मत आधी मांडतो. रुग्ण निवडून घेतला आणि पोट रिकामं असल्याची खात्री असली, तर दुसऱ्या पिढीची साधनं ट्यूबच्या जागी चालतात. दुसरी पिढी म्हणजे ज्यांत जठराकडे जाणारा वेगळा मार्ग आहे ती: प्रोसील, सुप्रीम, आयजेल. जुनी क्लासिक एलएमए (घशात बसणारा पहिल्या पिढीचा मास्क) या ऑपरेशनला मी धरतच नाही. तिचं सील साधारण २० सेंमी पाण्याच्या दाबाला गळायला लागतं. पोटात १२ ते १५ मिमी पाऱ्याच्या दाबानं गॅस भरला की डायफ्रॅम वर सरकतो, फुप्फुसं कडक होतात आणि पीक प्रेशर (श्वास देतानाचा सर्वांत जास्त दाब) सहज २२-२५ वर जातं. मग हवा तोंडातून आणि अन्ननलिकेतून वाट काढणारच. प्रोसीलचं सील बहुतेकांत ३० च्या आसपास टिकतं, आयजेलचं थोडं कमी, २५ च्या घरात. सगळा खेळ या पाच-दहा सेंटिमीटरचा आहे.

फायदा काय? लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र बघायचं साधन) घातल्यावर नाडी आणि बीपी उसळतं ते खूप कमी होतं. हृदयविकार किंवा बीपी असलेल्या रुग्णाला त्याचं मोल मोठं. शेवटी ट्यूब काढताना जो खोकला येतो, टाक्यांवर ताण पडतो, तोही टळतो.

ट्यूबच_बरी
धागा चांगला, पण सर, मी असहमत. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटीनं केलेल्या एनएपी-४ पाहणीचा २०११ चा अहवाल पुन्हा वाचावा. भुलेत श्वासमार्गाच्या गुंतागुंतीनं झालेल्या मृत्यूंत सगळ्यांत मोठं कारण जठरातला ऐवज फुप्फुसात जाणं हेच निघालं. ज्याला हे साधन द्यायलाच नको होतं अशा रुग्णाला ते दिलं गेलं, असंही त्यात आढळलं.

आता आपला पित्ताशयाचा रुग्ण बघा. जेवल्यावर जळजळ, ढेकर, पोट फुगणं, रात्री अ‍ॅसिडिटी. यातलं खड्यांमुळं किती आणि खरं रिफ्लक्स किती, हे बाहेरून कोण सांगणार? वर वजन जास्त, निम्म्यांना शुगर. तुमच्या ‘निवडक रुग्णां’च्या गाळणीतून खाली उरतात किती? आणि पोटात गॅस भरून जठरावर दाब आपणच टाकतोय.

शेंडापार्क
तुम्हा दोघांचं म्हणणं खरं आहे. म्हणून गाळणी नीट लिहून काढूया. मी सुप्राग्लॉटिक साधन कुणाला देत नाही: आठवड्यातून दोनदा तरी रात्री आंबट पाणी वर येतं असं सांगणारे, हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकलेला), बीएमआय ३५ च्या वर (३० ते ३५ मध्ये दहादा विचार), गरोदर, जुनी शुगर असून थोडं खाल्लं तरी पोट गच्च होणारे, आणि तीव्र कोलेसिस्टायटिसमध्ये (पित्ताशयाच्या सुजेत) ओकाऱ्या चालू असलेले. शेवटच्या गटाला उपाशी राहण्याचे तास मोजून उपयोग नाही. त्यांचं जठर रिकामं होतच नाही. त्यांना ट्यूबच, तीही रॅपिड सिक्वेन्सनं (भूल देऊन, मास्कनं हवा न देता, झटपट).

हल्ली यात आणखी एक गट वाढलाय. वजनासाठी किंवा शुगरसाठी आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेणारे. जठर रिकामं व्हायला त्यानं वेळ लागतो. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या लेखी ते ‘औषध’ नसतंच.

शंका असेल तर सोनोग्राफीचा प्रोब एपिगॅस्ट्रियमवर (पोटाच्या वरच्या मधल्या भागावर) ठेवा, रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून अँट्रम (जठराचा खालचा भाग) बघा. घट्ट अन्न दिसलं, किंवा पाणी १.५ मिली प्रतिकिलोपेक्षा जास्त भरलं, तर पोट भरलेलं समजायचं. मशीन बहुतेक ओटीत असतंच, आपण ते ब्लॉकपुरतंच (नस बधिर करण्यापुरतंच) बाहेर काढतो.

लॅप_शाहूपुरी
सर्जनच्या बाजूनं लिहितो. आम्हाला साधनाचं नाव काहीही असलं तरी चालतं. जठर फुगलेलं नको, एवढंच मागणं. फुगलेलं जठर कॅलोच्या त्रिकोणावर (पित्ताशयाच्या नळीजवळ आम्ही काम करतो त्या जागेवर) येऊन बसतं, यकृताच्या खाली जागाच उरत नाही. पहिली सुई किंवा ट्रोकार घालताना जठराला इजा व्हायची भीती असते ती वेगळीच.

आणि जठर फुगतं ते बहुतेक वेळा मास्कनं हवा देताना, साधन घालायच्या आधीच. बॅग जोरात दाबली जाते. तेव्हा दाब १५ च्या आत ठेवा, तोंडात एअरवे घाला, घाई करू नका. साधन बसलं की जठराची नळी लगेच घाला, ओढून घ्या, आणि मग आम्हाला ‘सुरू करा’ म्हणा. क्रम उलटा झाला की दोघांनाही त्रास.

रेसिडेंट_तिसरं_वर्ष
सर, आयजेल घालण्याच्या पायऱ्या कुणी नीट लिहाल का? प्रत्येक युनिटमध्ये वेगळं सांगतात.

गंगावेस_भूल
लिहितो. प्रोपोफॉल २ ते २.५ मिग्रॅ प्रतिकिलो, फेंटानिल २ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो, आणि या ऑपरेशनला रिलॅक्संट (स्नायू ढिले करणारं औषध) द्यायचाच: अ‍ॅट्राक्युरियम ०.५ मिग्रॅ किंवा व्हेक्युरोनियम ०.१ मिग्रॅ प्रतिकिलो. ‘सुप्राग्लॉटिक आहे म्हणून रिलॅक्संट नको’ हा गैरसमज इथं महाग पडतो. पोट आवळलं की दाब चढतो आणि सील तुटतं.

मापं: ३० ते ६० किलोला ३ नंबर, ५० ते ९० ला ४, ९० च्या वर ५. पाण्यात विरघळणारी जेली कफच्या मागं, दोन्ही बाजूंना आणि पुढं पातळ थरानं लावा. साधनाच्या भांड्यात (पुढच्या खोलगट भागात) जेलीचा गोळा राहू देऊ नका. मान पुढं, डोकं मागं. हनुवटी खाली ढकलून तोंड उघडा, कफचं तोंड हनुवटीच्या बाजूला, टाळूला टेकवून सरळ मागं-खाली सरकवत न्या. ठाम अडथळा लागला की थांबा. बाइट ब्लॉकवरची आडवी रेघ दातांशी यायला हवी. लवकर अडलं तर जोर करू नका, सहायकाला जबडा पुढं उचलायला सांगा. बहुतेक वेळा तेवढ्यानं जातं. जीभ आत दुमडली नाही ना ते बोटानं बघा आणि टेप लावा.

नंतर जठराची नळी. ३ आणि ४ नंबरला १२ फ्रेंच, ५ ला १४ फ्रेंच. भरपूर जेली लावून. ती जाता जात नसेल तर साधनाचं टोक नीट बसलेलं नाही. तो इशाराच समजायचा. नळी न घालता तसंच पुढं जाणं मला मान्य नाही.

राजारामपुरी_८वी_गल्ली
लीक टेस्ट विसरलात सर. ती पोटात गॅस भरायच्या आधी करायची. व्हेंटिलेटर बंद, ताजा गॅस मिनिटाला ३ लिटर, एपीएल व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) बंद, आणि प्रेशरच्या काट्यावर डोळा. जिथं काटा स्थिर होतो किंवा तोंडाजवळ हवा ऐकू येते तो लीकचा दाब. ४० च्या वर जाऊ द्यायचं नाही, लगेच व्हॉल्व्ह उघडायचा. त्याच वेळी एपिगॅस्ट्रियमवर स्टेथो ठेवला तर हवा जठरात जाते का तेही कळतं.

माझा नियम: २५ च्या खाली लीक आला तर एकदा साधन सरकवून, माप बदलून बघायचं. तरीही तेच, तर ट्यूब. सर्जनना पाच मिनिटं थांबवणं पोट फुगल्यावर सगळं उघडण्यापेक्षा शंभर पटीनं बरं.

प्रोसील वापरणाऱ्यांनी जेलीची चाचणी करावी. ड्रेन ट्यूबच्या तोंडावर जेलीचा थेंब ठेवायचा. हवा देताना बुडबुडा फुटून जेली उडाली तर हवा ड्रेनमधून येतेय, म्हणजे साधन वर राहिलंय. छातीच्या हाडाच्या वरच्या खळगीत हलकं दाबलं की जेली हलायला हवी. हलत नसेल तर टोक दुमडलंय, ड्रेन बंद आहे. अशा वेळी सील छान वाटतं, आणि धोका तिथंच आहे. काढून पुन्हा घालायचं. अवघड रुग्णात ड्रेनमधून बूजी (लवचीक सळई) पुढं काढून, लॅरिंगोस्कोपनं ती अन्ननलिकेत घालून, तिच्यावरून प्रोसील सरकवलं की टोक दुमडत नाही.

ओटी_सिस्टर
प्रोसीलच्या कफबद्दल आमच्या बाजूनं. दाब न मोजता सिरिंजभर हवा मारू नका हो डॉक्टर. ३ ला जास्तीत जास्त २० मिली, ४ ला ३०, ५ ला ४० ही कमाल मर्यादा आहे, रोजचा डोस नाही. कफचा दाब ६० सेंमी पाण्याच्या आत हवा. ट्यूबच्या कफचा २० ते ३०. कफ मॅनोमीटर प्रत्येक ओटीत असतो, तो कपाटात ठेवायला घेतलेला नाही. फुगा बोटानं दाबून अंदाज बांधला की बहुतेक वेळा दाब जास्तच असतो.

प्रोसील ऑटोक्लेव्हला जाताना कफ पूर्ण रिकामा हवा, नाहीतर आत फुगून फुटतो. १३४ अंशाच्या वर नाही. ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बुडवायचं नाही, ते सिलिकॉनमध्ये मुरतं आणि रुग्णाचा घसा पोळतो. कंपनीची मर्यादा ४० वेळांची आहे, त्याचं कार्ड प्रत्येक नगाबरोबर भरून ठेवावं.

गडहिंग्लजकर
सिस्टर, एक नंबर माहिती. नायट्रस चालू असेल तर कफमध्ये गॅस शिरून दाब आपोआप चढतो, तेव्हा अर्ध्या तासानं पुन्हा मोजायला हवा. मुळात या ऑपरेशनला नायट्रस नकोच. आतडी फुगतात, उलट्या वाढतात. हवा-ऑक्सिजन आणि सेव्होफ्लुरेन पुरे.

आता खर्चाचं बोलू. आयजेल एकदाच वापरायचं साधन आहे, पाकिटावर तसं छापलेलं असतं. लहान दवाखान्यांत ते धुऊन पुन्हा वापरतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी त्याच्या ठाम विरोधात आहे. खर्च वाचवायचाच तर प्रोसील घ्या, ते पुन्हा वापरण्यासाठीच बनवलंय.

बावड्याची_लेक
मी डॉक्टर नाही. आईचं हेच ऑपरेशन ठरलंय, म्हणून वाचतेय. निम्मं कळलं नाही. घशात नळी घालणार म्हणजे नंतर त्रास होईल का? आणि आम्ही घरच्यांनी काय सांभाळायचं?

शेंडापार्क
ताई, घाबरू नका. नळी आई पूर्ण झोपल्यावर घालतात आणि शुद्धीवर येताना काढतात, ते बहुतेकांना आठवतही नाही. घसा एक-दोन दिवस खवखवू शकतो, ट्यूबनं जरा जास्त, दुसऱ्या साधनांनी थोडा कमी. कोणतं साधन घालायचं ते तुमच्या डॉक्टरांवर सोपवा, पण त्यांना ठरवता यावं म्हणून काही गोष्टी आपणहून सांगा: रात्री आंबट पाणी वर येतं का, शुगर किती वर्षांची, आठवड्याचं कुठलं इंजेक्शन आहे का, हलणारे दात, कवळी, आधीच्या भुलेत काही त्रास, आणि तंबाखू किंवा मिश्री.

उपास: साधं जेवण आणि दुधाचा चहा ६ तास आधी बंद, तेलकट किंवा मटणाचं जेवण ८ तास. पाणी किंवा बिनदुधाचा चहा २ तास आधीपर्यंत चालतो. आपल्याकडे हमखास विचारतात म्हणून सांगतो, पांढरा रस्सा पातळ असला तरी ‘पाणी’ नव्हे. त्यात नारळाचं दूध आणि मटणाची चरबी असते. तोही ८ तासांत मोडतो. आणि सकाळी मिश्री लावायची नाही. लाळ सुटते, तंबाखू गिळली जाते.

बावड्याची_लेक
खूप आभार. मिश्रीचं आई लपवणार होती, आता मी सांगते.

रंकाळा_पश्चिम
मिश्रीवरून मुद्द्याची गोष्ट. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सबम्युकस फायब्रोसिसची (तोंड आखडण्याच्या आजाराची) तोंडं कमी झालेली नाहीत. तरुण मुलगा, पित्ताचे खडे, आणि तोंड दीड बोट उघडतं. इथं काही जण म्हणतात, ‘ट्यूब जाणार नाही, आयजेल टाकूया.’ हा विचारच उलटा आहे. आयजेलचं भांडं जाड असतं, दोन बोटांपेक्षा कमी जागेतून ४ नंबर धड जात नाही. समजा गेलंच, तर गॅस भरल्यावर ते गळायला लागल्यावर काय करणार? लॅरिंगोस्कोपला जागा नाही, परतीची वाट बंद. अशा रुग्णाला जागेपणी, घसा बधिर करून, फायबरऑप्टिकनं नाकातून ट्यूब. ते जमण्यासारखं नसेल तर जिथं जमतं तिथं पाठवावं. ठरलेलं ऑपरेशन आहे, एक आठवडा थांबतं.

ट्यूबच_बरी
रंकाळासाहेब, शंभर टक्के. आणि ट्यूबवालेही निर्धास्त राहू शकत नाहीत, हे माझ्या बाजूच्या लोकांना सांगतो. बाईला ७ किंवा ७.५, पुरुषाला ८ ते ८.५. दातांशी बाईला २१, पुरुषाला २३ सेंमी. आधी कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर) लागोपाठ लाटा दिसायला हव्यात. लाट नाही म्हणजे ट्यूब श्वासनलिकेत नाही असंच धरायचं, ट्यूबमधल्या वाफेवर विसंबायचं नाही. मग गॅस भरल्यावर पुन्हा दोन्ही छाती ऐकायच्या. डायफ्रॅमबरोबर कॅरायना (श्वासनलिका दुभंगते ती जागा) वर सरकतो, ट्यूब मात्र ओठाशी चिकटलेली, म्हणून टोक उजव्या ब्रॉन्कसमध्ये शिरतं. पीक प्रेशर चढतं, सॅच्युरेशन हळूहळू ९४-९३ वर येतं, आणि लोक ब्रॉन्कोस्पाझमचं औषध शोधत बसतात. ट्यूब एक-दोन सेंमी मागं घ्या.

राजारामपुरी_८वी_गल्ली
अगदी. व्हेंटिलेटरचं सेटिंगही लिहून ठेवतो, साधन कुठलंही असो. टायडल (एका श्वासाची हवा) ६ ते ८ मिली प्रतिकिलो, पीप (श्वास सोडल्यावर उरणारा दाब) ५, आणि कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला की टायडल न वाढवता रेट वाढवा, १२ वरून १६ पर्यंत. एंड टायडल (श्वास सोडतानाचा कार्बन डायऑक्साइड) ३५ ते ४० च्या आसपास. सुप्राग्लॉटिक असेल तर प्रेशर कंट्रोल बरं, म्हणजे पीक लीकच्या दाबाखाली बांधून ठेवता येतं.

सर्जनना विनंती: गॅस सुरुवातीला सावकाश सोडा. पेरिटोनियम एकदम ताणलं की व्हेगसमुळं नाडी ४० वर येते. तसं झालं तर पहिलं काम गॅस थांबवणं, मग अ‍ॅट्रोपिन ०.६ मिग्रॅ. आणि १५ मिमी लागतंच असं नाही. चांगला रिलॅक्संट असेल तर १०-१२ वरही काम होतं.

लॅप_शाहूपुरी
मान्य. १२ वर बहुतेक पित्ताशयं निघतात. फक्त पोट ढिलं ठेवा, मी दाब वाढवायला सांगणार नाही. आमच्याकडूनही एक गोष्ट तुम्हाला आधी कळायला हवी: जुनाट, आकसलेलं पित्ताशय, एमआरसीपीवर (पित्तमार्गाच्या एमआरआयवर) मिरिझी (खड्यानं मुख्य पित्तनळी दाबलेली) वाटणारं, दोनदा पँक्रिअ‍ॅटायटिस झालेलं. ही ऑपरेशनं लांबतात, उघडावीही लागतात. तिथं पहिल्यापासून ट्यूबच घाला.

पन्हाळा_पायथा
स्पायनलमध्ये का करत नाही कुणी? श्वासमार्गाचा प्रश्नच मिटला.

शेंडापार्क
करतात, निवडक रुग्णांत होतं. पण ब्लॉक टी४ पर्यंत (छातीच्या वरच्या भागापर्यंत) चढवावा लागतो, बीपी पडतं, आणि गॅसमुळं डायफ्रॅम चिडून उजवा खांदा दुखतो. तो फ्रेनिक नर्व्हचा, सी३ ते सी५ चा मामला, तिथं स्पायनल पोचत नाही. रुग्ण अस्वस्थ झाला तर पोट फुगलेलं, ड्रेप अंगावर, अशा अवस्थेत पूर्ण भूल द्यावी लागते. श्वासमार्ग हाताळायला त्याहून वाईट वेळ नाही. प्रश्न मिटत नाही, फक्त पुढं ढकलला जातो.

रेसिडेंट_तिसरं_वर्ष
मध्येच आयजेल गळायला लागलं, किंवा ड्रेनमधून हिरवं पाणी दिसलं तर क्रम काय?

गंगावेस_भूल
दोन्ही वेगळे.

गळती: श्वास सोडताना परत येणारा टायडल दिलेल्यापेक्षा १५-२० टक्के कमी, कॅप्नोग्राफची लाट वाकडी. आधी रिलॅक्संट उतरलाय का बघा, बहुतेकदा तेच असतं. डोस द्या, भूल खोल करा, जबडा उचलून साधन पुन्हा रेघेवर आणा. दोन मिनिटांत सुधारलं नाही तर सर्जनना सांगा: गॅस सोडा, टेबल सपाट. १०० टक्के ऑक्सिजन, थोडं प्रोपोफॉल, जठर ओढून घ्या, साधन काढून ट्यूब. फायबरऑप्टिक हाताशी असेल तर आयजेलमधूनच ट्यूब जाते: ३ नंबरातून ६, ४ मधून ७, ५ मधून ८.

पाणी: ड्रेनमधून आलं तर ड्रेननं त्याचं काम केलं. ओढून घ्या, सर्जनना सांगा, लक्ष ठेवा. पण श्वासाच्या नळीत पाणी दिसलं तर घाबरून साधन झटकन उपटू नका, भांड्यातलं सगळं घशात सांडतं. डोकं खाली, सर्किट क्षणभर काढून पाणी बाहेर येऊ द्या, सक्शन, १०० टक्के ऑक्सिजन, मग ट्यूब, आणि हवा देण्याआधी ट्यूबमधून सक्शन. अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड आंधळेपणानं द्यायची गरज नसते.

म्हणून आयजेल वापरायचं त्या दिवशीही लॅरिंगोस्कोप पेटवून बघितलेला, ट्यूबचा कफ तपासलेला, बूजी आणि सक्शन उशाशी हवंच.

ट्यूबच_बरी
ही गाळणी, ही लीक टेस्ट आणि ही तयारी असेल तर दोन भूलतज्ज्ञ असलेल्या ओटीत माझा विरोध राहत नाही. पण तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ एकटा, सक्शन एकच आणि तेही सर्जनकडे, मदत तासाभराच्या अंतरावर. तिथं मध्येच साधन बदलायची वेळ येऊच नये म्हणून मी ट्यूबच म्हणेन. लॅरिंगोस्कोपीला बीपी उसळण्याची काळजी असेल तर ९० सेकंद आधी लिग्नोकेन १.५ मिग्रॅ प्रतिकिलो शिरेतून द्या.

गडहिंग्लजकर
याला दुजोरा. आमच्या भागात आधी भूलतज्ज्ञासाठी वेगळं सक्शन मशीन घ्या, मग आयजेलची चर्चा.

गंगावेस_भूल
एकट्या भूलतज्ज्ञाचा मुद्दा मी पहिल्या पोस्टमध्ये घ्यायला हवा होता असं मलाही वाटतं. गाळणीत तोही धरूया: मदतीला दुसरा हात आणि स्वतःचं सक्शन नसेल तर ट्यूब.

रेसिडेंट_तिसरं_वर्ष
शेवटचं विचारतो सर. ५५ किलोचा माणूस, ३ मध्येही बसतो आणि ४ मध्येही. आधी कुठलं?

राजारामपुरी_८वी_गल्ली
पोटात गॅस भरायचाय, म्हणजे सील महत्त्वाचं. तोंड तीन बोटं उघडत असेल तर ४. बुटकी, लहान जबड्याची बाई असेल तर ३ नं सुरुवात करा, लीक २५ च्या खाली आला तर ४. दोन्ही टेबलावर ठेवा, दुसऱ्याचं पाकीट मात्र लागलं तरच फाडा.